सुताचा काउंट घरी मोजताना : मे महिन्याची नोंद

मागच्या खेपेला सूत ठरावीक लांबीचं गुंडाळून घ्यायचा रहाट तयार झाल्याचं लिहिलं होतं. या खेपेची बातमी अशी की रहाट खोटं बोलत होता, आणि मी त्याच्यावर खूश होतो.

नव्यांसाठी थोडक्यात. काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तितका कॉटनचा काउंट. अख्खी लड कोण गुंडाळत बसणार? १२० यार्डांची एक ली घ्यायची, ग्रॅममध्ये तोलायची आणि ६४.८ ला त्या वजनानं भागायचं. २० काउंटची ली ३.२४ ग्रॅम भरायला हवी. १००० मीटरचं ग्रॅममधलं वजन म्हणजे टेक्स. हे एकक कितीतरी सरळ. पण आमच्या सोलापूरच्या साखर पेठेत जाऊन २९.५ टेक्सचं सूत मागून बघा! पौंड-यार्ड बाजारातून गेले, सुतातून नाही.

माझ्या रहाटाला सहा दांड्या, खुंट्या मध्यापासून ९ इंचांवर. षट्कोनाचा घेर ५४ इंच, म्हणजे दीड यार्ड. ८० फेऱ्यांत ली पुरी. सोनाराच्या काट्यावर ती ३.१८ भरली. काउंट २०.४. सूत ज्यावर गुंडाळून विकतात त्या कोनवर २० छापलेलं. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

मग रात्री पडल्या पडल्या सुचलं, सूत खुंटीच्या मध्यातून थोडंच जातं? ते बाहेरून वळतं. खुंटी १० मिमी जाडीची, म्हणजे प्रत्येक फेरीत ३१ मिमी सूत जास्त. सव्वादोन टक्के! सकाळी सगळ्या खुंट्या ५.२ मिमी आत सरकवल्या. नवी ली ३.११ ग्रॅम, काउंट २०.८. चूक सुधारली आणि उत्तर बिघडलं.

दोन दिवस काट्यालाच शिव्या घातल्या. शेवटी गल्लीतल्या अण्णांना ली दाखवली. त्यांची हयात पूर्व भागातल्या मागांवर गेलेली. त्यांनी सूत बोटांत चुरगळलं. "उन्हाळ्यात हलकंच भरतंय की हे. आम्ही शेडात पाणी कशाला मारत होतो मग?"

बरोबर! कोरड्या सुताच्या वजनावर ८.५ टक्के ओलावा धरून कापसाचा हिशेब होतो. सोलापूरच्या मे महिन्यात त्याच्या निम्मासुद्धा राहत नाही. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ली वाळवली, गरम असतानाच तोलली : २.९९. त्यावर ८.५ टक्के चढवले की ३.२४. काउंट २०! काट्यावर तशीच राहू दिली, तर बघता बघता आकडा ३.०० च्या पुढे सरकला. हवेतलं पाणी पीत होती बया. (कूलर बंद ठेवून तोला. घरच्यांची बोलणी खावी लागतात, इलाज नाही.)

म्हणजे आधीचं २०.४ हे दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतल्यामुळे आलं होतं.

काटा ०.०१ ग्रॅमचा असल्यानं एका लीवर काउंट ०.०७ नं डळमळतो. आता चार ली एकत्र तोलणार. ही वाळवलेली ली उघड्या डबीत ठेवली आहे. पाऊस सुरू झाला की रोज सकाळी तिचं वजन लिहीन.