बाघचे दगड, नोंद ४ : पापुद्रा निघाला, पट्टी चुकली

मंडळी, पापुद्रा निघाला एकदाचा! म्हणजे घासलेल्या दगडाचा, ॲसिटोनने मऊ केलेल्या पारदर्शक शीटवर उतरवलेला ठसा; तो भिंगाखाली धरून दगड कशाचा बनलाय ते बघता येतं. तीन रविवार खाल्ले त्याने.

आपल्या नाशकात कुठंही खणा, काळा पाषाणच (बेसाल्ट) लागतो. पांडवलेणीसुद्धा त्यातच कोरलेली. समुद्रात साचलेला दगड हवा तर नर्मदेपलीकडे, धार जिल्ह्यात बाघला जावं लागतं; तिथली लेणी वाळूखडकातली आहेत. (जीवाश्म उद्यानाच्या हद्दीत दगडाला हात लावायचा नाही. माझे तुकडे बाहेरच्या एका शेताच्या बांधावरचे, मालकाला विचारून आणलेले.)

मागच्या नोंदीत समुद्रपातळीची पट्टी काढली होती, म्हणजे कुठल्या थराच्या वेळी पाणी किती खोल होतं ते रेघेने दाखवणारं चित्र. तळाला निमार वाळूखडक, त्यावर गाठाळ चुनखडक, सगळ्यांत वर प्रवाळी चुनखडक. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी नदीच्या वाळूवर समुद्र चढला, तेव्हा जितकं वर तितकं पाणी खोल, असं धरून मी रेघ सरळ चढवत नेली.

हे पडताळायला पापुद्रा हवा होता, पण पहिले दोन रविवार शीटने घालवले. झेरॉक्सच्या दुकानातली पारदर्शक शीट पॉलिएस्टरची असते, ॲसिटोनला ती ढिम्म हलत नाही. सेल्युलोज ॲसिटेटचीच हवी. ती मिळाल्यावर प्रवाळी तुकडा काचेवर कार्बोरंडमने (घासायची कडक पूड) घासला, जाड २२० नंबरपासून बारीक ८०० पर्यंत. मग पातळ ॲसिडमध्ये मोजून दहा सेकंद, पाण्याने धुतला, वाळवला. घासलेल्या बाजूला बोट लावायचं नाही, ठसा उमटतो! वर ॲसिटोन ओतून शीट एका कडेकडून अलगद टेकवली. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी साय काढावी तसा पापुद्रा सुटला.

भिंगाखाली धरला तर प्रवाळ औषधालाही नाही. नाव फसवं आहे. सगळा चुरा ब्रायोझोआंचा (वसाहत करून राहणारे चिमुकले जलचर): जाळीदार काड्या, बारीक भोकांच्या रांगा, मोडलेल्या, कडा गोल झालेल्या, मध्ये शिंपल्यांचे तुकडे. मूळ दगडावर तिरके थरही आहेत. म्हणजे लाटा नाहीतर भरती-ओहोटी हा माल घोळवत होती. खोल, निवांत पाण्यात असं होत नाही. गाठाळ थराचा बारीक चुन्याचा चिखल शांत पाण्यातला, आणि त्याच्यावर पाणी पुन्हा उथळ झालेलं.

पट्टीचा वरचा भाग खोडला. रेघ आता गाठाळापाशी माथा गाठून खाली वळते. त्यानंतर तिथं जमीन उघडी पडली, लॅमेटा थर (नद्या-तळ्यांतला गाळ) साचले, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आपला काळा पाषाण लाव्हा होऊन वरून वाहत आला.

पुढच्या रविवारी गाठाळ. ॲसिटोनच्या वासामुळे माझी रवानगी गच्चीवर झाली आहे, तेव्हा पावसाने उघडीप दिली तरच.