दंडातले ढिले स्क्रू

सत्तरीच्या बाई. दंडाच्या हाडाला साडेपाच महिन्यांपूर्वी दुसरीकडे प्लेट बसवलेली. तक्रार एकच: "हात उचलला की आत कटकट वाजतं." एक्स-रेत फ्रॅक्चरची फट तशीच होती आणि खांद्याकडच्या तिन्ही स्क्रूंभोवती मिलिमीटरभर काळी कड, म्हणजे तेवढं हाड नाहीसं झालेलं. ४.५ मिमी कॉर्टिकल स्क्रूचा (हाडाच्या कडक कवचासाठीचा बारीक आट्यांचा स्क्रू) आटा जेमतेम ०.७ मिमी खोल असतो. म्हणजे ते तिन्ही स्क्रू हाडात नुसते उभे होते.

काळी कड दिसली की आधी जंतुसंसर्गाचा संशय घ्यायचा. ईएसआर, सीआरपी या सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या केल्या. ऑपरेशनमध्ये वेगवेगळ्या जागचे पाच नमुने घेतले, तोवर अँटिबायोटिक दिलं नाही.

रेडियल नर्व्ह (दंडाच्या हाडाला लागून जाणारी, मनगट उचलणारी नस) शोधून बाजूला जपली आणि प्लेट उघडी केली. वरचे स्क्रू बोटांनी फिरले, कोपराकडच्यांना मात्र चांगला जोर लावावा लागला. वरची भोकं लांबट झाली होती आणि आत मऊ तंतुमय ऊती भरली होती. स्क्रू सरळ उपसला गेला की आट्याच्या मापाचं गोल भोक उरतं. लांबट भोक म्हणजे तो डुलत राहिला होता. जमिनीतली खुंटी उपटण्याआधी आपण ती हलवतो, तसंच. साध्या प्लेटमध्ये स्क्रूने प्लेट हाडावर दाबून धरायची असते; भार पेलतं ते त्या दाबामुळे होणारं घर्षण. ठिसूळ हाडात हा दाब लवकर उतरतो. मग स्क्रूचं डोकं प्लेटच्या भोकात झुलतं आणि दंड वळवला की आटे हाड झिजवतात.

मोह होतो तो त्याच भोकात ६.५ मिमीचा कॅन्सेलस स्क्रू (आतल्या जाळीदार हाडासाठीचा, खोल आट्यांचा) घालण्याचा. पहिल्या दिवशी तो धरतोही. पण फट हलती राहिली तर तोही त्याच वाटेने जातो, शिवाय दंडाच्या हाडाला एवढं भोक फार मोठं. इथे मूळ दुखणं फटीत होतं, स्क्रू नंतर सुटले.

म्हणून हाडाची टोकं रक्त दिसेपर्यंत खरवडली, मज्जापोकळी मोकळी केली, कमरेच्या हाडातून काढलेला हाडाचा चुरा (ग्राफ्ट) भरला. नवी प्लेट लांब घेतली. जुनी रिकामी भोकं तिच्या टोकाशी आली तर तिथेच हाड मोडायची भीती असते. आधी ३.२ मिमी ड्रिलने प्लेटच्या भोकाच्या कडेला साधा स्क्रू घालून टोकं एकमेकांवर दाबली, मगच लॉकिंग स्क्रू, म्हणजे ज्यांचं डोकं प्लेटच्याच आट्यात घट्ट बसतं ते. हा क्रम उलटा झाला तर फट आहे तशी कुलूपबंद होते. ५ मिमी लॉकिंग स्क्रूला ४.३ मिमी ड्रिल लागतं. ड्रिलला दिशा देणारा नळीसारखा गाइड प्लेटच्या आट्यात नीट फिरवून बसवायचा, तिरका बसला की डोकं लॉक होत नाही. शेवटचा पीळ ४ न्यूटन-मीटरच्या टॉर्क लिमिटरने (ठरलेल्या जोरापुढे पीळ न देणारं हत्यार). तो वगळून मशीननेच कसलेला स्क्रू पुढे काढायची वेळ आली की डोक्याची खाच गोल होते आणि तासभर त्यातच जातो.

पाचही नमुन्यांत जंतू वाढले नाहीत.