बोका सारखा शू करायला बसतो आणि काही होत नाही, तेव्हा

आमचा मन्या म्हणजे नसबंदी झालेला, अंगाने भरलेला, दिवसभर पडवीत झोपणारा बोका, आणि लघवीचा त्रास त्याला फिरून फिरून होतो. आमच्या वेंगुर्ल्याकडे मांजर घरोघरी असतं पण या आजाराबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी हे. बोका परत परत बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, खालचा भाग चाटतोय आणि थेंबही येत नाहीये, तर पोट साफ होत नसेल, उद्या बघू असं अजिबात करू नका. बोक्याची मूत्रनलिका टोकाला खूप अरुंद असते, खडे किंवा चिकट बूच अडकलं की बंदच होते (भाटीला हे क्वचित होतं). लघवी तुंबली की किडनी काम सोडते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय थांबू शकतं, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आपल्याकडे जळजळ झाली की शहाळं देतात ना, माणसाला ते ठीक, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, तुंबलेल्या बोक्याला ते पाजणं म्हणजे संकटात भर. पोट दाबूनही बघू नका. आणि घरातली पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठायचा. गावातले दवाखाने बहुतेक गुरांचे, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा की मांजराला कॅथेटर (तुंबलेली लघवी काढायची बारीक नळी) घालता का, नाहीतर सावंतवाडी, गोवा, कोल्हापूर, जिथे सोय असेल तिथे सरळ जा, मधे वेळ घालवू नका.

आता परत परत का होतं त्याबद्दल. मला वाटायचं इन्फेक्शन असणार, पण तरुण मांजरात जंतू फार कमी वेळा सापडतात, बहुतेकदा नुसतीच मूत्राशयाला सूज असते आणि तिच्यामागे ताण हे मोठं कारण. म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका, लघवी तपासा, सोनोग्राफी करा. खड्यांचे पण प्रकार असतात, स्ट्रुव्हाइट खास खाण्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाहीत, ते काढावे लागतात. तपासणी न करता कुठलंही महागडं खाणं सुरू करण्यात अर्थ नाही.

मन्याचा ताण म्हणजे चतुर्थी. मुंबईचे चाकरमानी आले, घर भरलं, भजन-आरती, फटाके, आणि त्याचा शू-शीचा वाळूचा ट्रे कुणीतरी उचलून मागच्या अंगणात टाकलेला. आता त्या दिवसांत मागची खोली त्याची, आत पाणी, खाणं, ट्रे, दार बंद, पोरांनाही सांगून ठेवतो. पावसाचं पण तेच, जुलैत मुसळधार कोसळताना बाहेर जायची सवय असलेलं मांजर शू दाबून ठेवतं, म्हणून ट्रे घरातच पाहिजे, आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. वाळू पावसाआधी कोरडी करून गोणीत भरून ठेवा, नंतर ती वाळत नाही.

खाणं: कोरड्या दाण्यांत पाणी साधारण १० टक्के, ओल्या खाण्यात ७५-८०. लघवी पातळ राहिली पाहिजे, सगळं त्यावर आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, मग घराघरात सुकट, सोडे, खारा बांगडा, मांजराच्या ताटात पण तेच पडतं. आमच्याकडे ते पूर्ण बंद केलं. ओलं खाणं, त्यात अजून थोडं कोमट पाणी, कधी उकडलेल्या माशाचं पाणी, पण मीठ, कांदा, लसूण बिलकुल नाही, कांदा-लसूण मांजराला घातक असतात. नुसत्या माशांवर पण ठेवू नये. पाण्याची भांडी रुंद, दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब.

सकाळी ट्रे साफ करताना वाळूचे गठ्ठे बघते, रोजच्याएवढे आहेत ना, की छोटे छोटे आणि लालसर. तो जास्त वेळा बसायला लागला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पिंजरा दारामागे तयार असतो, जुनं पातळ घालून.