जर्मनीत दोस्ती जमवायची तर

नागपुरात फुटाळा तलावावर ‘येतो का बे?’ म्हटलं की दहा मिनिटांत चौघं जमतात. जर्मनीत न कळवता दारात उभं राहिलात तर समोरचा गोंधळतो. भेट आठवडाभर आधी ठरवा.

ओळखी ऑफिसापेक्षा फेराइनमध्ये, म्हणजे हौशी मंडळांत, पक्क्या होतात: बॅडमिंटन, गायन, गिर्यारोहण. वर्गणी भरावी लागते आणि सोडताना मुदतीत लेखी कळवावं लागतं, म्हणून आधी एकदोन वेळा नुसतं जाऊन बघा. मग मात्र तोच वार, तोच गट, निदान तीन महिने. फोल्क्सहोखशूलेच्या, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्राच्या, जर्मन वर्गात भाषा येते, पण भेटतात बहुतेक परदेशीच.

वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानंच आणायचा; आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन मानतात. सावजी रस्सा खिलवणारच असाल बाप्पा, तर तिखट चौथाईच घाला.