डोळ्यातला घड आणि मडक्यातलं खरेदीखत

शाळेच्या आठवणींच्या या अंकात सहली, स्नेहसंमेलन आणि छड्या यांवर पुरेसे लेख आले आहेत, तुम्ही दुसरं काही लिहा, असं संपादक मंडळाने बजावलं. म्हणून बायबलच्या तासाबद्दल लिहितो. संडे स्कूल आणि दृढीकरणाचे (चर्चचं पूर्ण सभासदत्व घेण्याआधीच्या तयारीचे) वर्ग घेताना आजही त्याच तासाची शिदोरी पुरते.

वर्गात ख्रिस्ती मुलं निम्मीही नसत. नाशिकच्या पंचवटी, भद्रकाली, सातपूर, सगळीकडची पोरं. त्यामुळे दर वर्षी पहिला प्रश्न ठरलेला: सटवीने कपाळावर लिहून ठेवलंच आहे, मग माणसाने निवडायचं काय? दुसरा प्रश्न ख्रिस्ती मुलांना जास्त छळायचा. आयुष्य सत्तर-ऐंशी वर्षांचं आणि त्यातल्या निवडींचा परिणाम सार्वकालिक, हा हिशेब जुळतो कसा?

बायबल शिकवणारे आमचे सर उत्तर द्यायचे ते द्राक्षबागेतून. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला द्राक्षवेल नाशिकच्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात आणि थोड्याच दिवसांत फुटीवर घड दिसू लागतात. पाहुण्याला वाटतं, घड आत्ताच आला. खरं तर तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत, धरून बसलेला असतो. त्या दिवसांत काडीवर ऊन पडायला हवं. फुटी विरळल्या नाहीत, पानांची गर्दी झाली, आभाळ सतत भरून राहिलं, किंवा नत्र आणि पाणी जास्त होऊन वेल नुसता माजला, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता ताणा, धरते. गंमत अशी की घडाचा डोळा आणि बाळीचा डोळा बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून जाणता बागायतदार गोडी छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेतो, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतो आणि कितव्या डोळ्यावर छाटायचं ते ठरवतो.

ऑक्टोबर नवीन काही देत नाही, आत धरलेलं उघडं करतो. ख्रिस्ती शिकवणुकीतला न्यायाचा दिवस सर असा समजावायचे. दंड ठोठावणाऱ्या कचेरीचं चित्र मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते एकदा हललं की दुसऱ्या प्रश्नाची धार कमी होते. माणूस रोज थोडा थोडा काहीतरी बनत असतो आणि जे बनतो त्याच्यासह त्याला देवापुढे उभं राहायचं असतं.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात हेच आहे. तिथे सहा कामं मोजली आहेत: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही एकच प्रश्न विचारतात: प्रभू, हे केव्हा घडलं? दोघांनाही आठवत नाही. माझ्या मते अध्यायातली सगळ्यात अस्वस्थ करणारी ओळ हीच, पण प्रवचनांत तिच्यावर फारसं कुणी थांबत नाही.

अर्थात दृष्टांत एका जागी लंगडा पडतो. बाळी धरलेला डोळा पुन्हा घड धरत नाही. माणूस मात्र शेवटच्या तासाला वळू शकतो, आणि येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराजवळ तेवढाच वेळ उरला होता. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आहे, कमाईने नाही, हे इफिसकरांच्या पत्रात स्वच्छ लिहिलं आहे. पण त्याचा अर्थ 'कसंही वागा, शेवटी क्षमा आहेच' असा लावला की गाडी घसरते. अशा वेळी लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाचा हिशेब फळ्यावर मांडावा. लेवीय सहाव्या अध्यायाप्रमाणे फसवून घेतलेलं परत करताना मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा, म्हणजे शंभराला एकशेवीस. निर्गम बाविसाव्याप्रमाणे चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं, बैल असेल तर पाच बैल. जक्कय जकातदारांचा मुख्य. तो स्वतःहून एकशेवीस सोडून चारशेचा दर लावतो, आणि त्याआधी निम्मी मालमत्ता गरिबांना देऊन टाकतो. येशूने त्याला आकडा सांगितलेला नव्हता, त्याच्या घरी उतरायचं आहे एवढंच म्हटलं होतं. क्षमा आधी की भरपाई आधी, यावर मुलं हमखास भांडतात. भांडू द्यावं.

शिकवणाऱ्यांकडून चुका होतात त्या दोन टोकांना. एक, आगीची भीती. नरकाची वर्णनं रंगवली की आठ-नऊ वर्षांचं मूल चूक करायचं थांबत नाही, चूक लपवायला शिकतं. ज्या घरात कप फुटल्यावर मार बसतो, तिथे फुटलेले कप माळ्यावर सापडतात. दोन, गुळमुळीत आशावाद. प्रभू आहे ना, सगळं छान होईल. ऐकायला गोड, पण बापाची नोकरी गेलेल्या मुलाला त्याचा उपयोग एक महिनाही होत नाही.

रोजच्या सरावाला रात्रीची दहा मिनिटं पुरतात. ही जुनी रीत कॅथलिक संत इग्नेशियसच्या परंपरेतली, पण आपल्या प्रॉटेस्टंट घरांतही चालते. आधी दिवसातल्या एकदोन गोष्टींबद्दल आभार, मग स्वतःकडे खरेपणाने पाहता यावं म्हणून प्रार्थना, मग सकाळपासून दिवस क्रमाने डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्याचं एकच काम ठरवायचं. बिघडतं बहुधा दोन ठिकाणी. काही जण थेट चुकांपासून सुरुवात करतात आणि आठवड्यात कंटाळतात. काही जण 'उद्यापासून रागावणार नाही' असं ठरवतात, जे दुपारपर्यंतही टिकत नाही. त्यापेक्षा 'उद्या शेजारच्या आजींचं औषध आणून देईन' हे बरं. झालं की नाही, ते कळतं तरी.

नाशिकच्या शरणपुरात वाढणाऱ्या मुलांना निवडीचा धडा शिकवायला लांब जायला नको. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ही वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली, सुतारकाम-लोहारकाम हाती घेऊन मोठी झाली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. मे १८७३ मध्ये आफ्रिकेत चितांबोच्या गावी मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा बरोबरच्या माणसांपुढे दोन वाटा होत्या: तिथेच पुरून मोकळं व्हायचं किंवा देह समुद्रापर्यंत न्यायचा. त्यांनी काळीज आणि आतडी डब्यात घालून झाडाखाली पुरली, जेकबने प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव-तारीख कोरली. देहाला मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीच्या नळकांड्यात गुंडाळला, वरून शिडाचं कापड शिवलं, डांबर फासलं आणि काठीला बांधला. वाटेत उन्यान्येंबेला भेटलेल्या ब्रिटिश नौदलाच्या लेफ्टनंट कॅमेरॉनने इथेच पुरा म्हणून सल्ला दिला. त्यांनी ऐकला नाही. हजार मैलांहून जास्त चालून ते फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले. १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

आता आशेबद्दल, कारण आमचा तास वर्षाअखेर नेहमी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकावर यायचा. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडतो आणि सांगतो, दोन वर्षांत बाबेलची सत्ता संपेल. लोकांना तेच हवं होतं. यिर्मया पुढच्याच अध्यायात सत्तर वर्षं सांगतो. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहायचं नाही. हनन्या आशावादी होता. तो त्याच वर्षी वारला.

मग बत्तिसावा अध्याय. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचं दहावं वर्ष, यरुशलेमेला खास्द्यांचा, म्हणजे बाबेलच्या सैन्याचा, वेढा, आणि यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात चुलतभाऊ हनामेल येतो: अनाथोथातलं माझं शेत घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा. अनाथोथ शहरापासून जेमतेम एक-दीड तासाच्या चालीवर, म्हणजे वेढ्याबाहेर, शत्रूच्या पायाखाली. बाजारात त्या जमिनीला कवडीची किंमत नव्हती. यिर्मया ती विकत घेतो, आणि व्यवहार कसा झाला ते पायरीपायरीने लिहून ठेवतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलली. शेकेल साधारण अकरा ग्रॅमचा, तेव्हा चांदी दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. खत लिहिलं, सही केली, साक्षीदार घातले. प्रती दोन: एक मोहरबंद, एक उघडी. उघडी प्रत वाचायला, आणि वाद निघाला तर मोहर फोडून ताडून पाहायला दुसरी. आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर दस्त होतो, इंडेक्स टू हातात येतो, पुढे फेरफाराची नोंद होते. ज्यांच्या घरी सातबाऱ्यावरून भावाभावांत बोलणं बंद आहे, त्या पोरांना हा अध्याय एका वाचनात कळायचा.

शेवटी दोन्ही खतं आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितली, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. माती हे काम करते. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांतल्या रांजणांत १९४७ मध्ये सापडलेल्या चामड्याच्या गुंडाळ्या दोन हजार वर्षांनंतरही वाचता येत होत्या.

शहर पडलं. उरलेल्या लोकांनी यिर्मयाला आपल्याबरोबर मिसरात नेलं. त्या शेतात त्याने नांगर घातल्याची नोंद कुठे नाही. खताची आहे, साक्षीदारांसकट.