महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी

नागपूरला सक्करदऱ्याकडच्या आमच्या मेडिकलात भाद्रपदात दोन गोष्टी हमखास खपतात. एक पोटाच्या गोळ्या, दुसरी पाळी पुढं ढकलायची गोळी. पोटाची ज्याची तो मागायला येतो. दुसरीसाठी मात्र नवरा येतो, दीर येतो, शेजारचा पोरगा चिठ्ठी घेऊन येतो. जिला गिळायची ती सहसा काउंटरवर दिसत नाही.

त्या दिवशी सासूबाई आल्या होत्या. उद्या आवाहन, परवा पूजन, घरी पन्नास पानं. "दोन पाकिटं द्या जी. दोन सुना आहेत. मोठीची तारीख तीन दिवसांनी आहे, लहानीची उद्या-परवावर. ऐन वेळी अडचण नको बाप्पा."

खरं सांगायचं तर याआधी मीही अशी पाकिटं दिली आहेत. नॉरेथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, म्हणजे हीच पाळी पुढं ढकलायची गोळी, शेड्यूल एचमधलं औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हे फार्मसीच्या डिप्लोमाला पहिल्या झटक्यात पाठ केलेलं. पण सणाच्या गर्दीत हात आपोआप त्या खणाकडे जातो. त्या दिवशीही गेला होता.

"काकू, ही गोळी तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, दिवसातून तीनदा. लहानीला उशीर झालाय, लागू पडेलच असं नाही. तिला काही आजार वगैरे?"

"कायचा आजार? धडधाकट आहे. ती काय बाहेर."

बाहेर स्कूटीवर दुपट्ट्यानं तोंड बांधलेली मुलगी बसली होती. मी हाक मारली. ती आत आली, दुपट्टा हनुवटीखाली ओढला आणि सासूकडे न बघता म्हणाली, "बाळंतपणानंतर डावा पाय सुजला होता. रक्ताची गाठ निघाली. तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या."

"ते दोन वर्षं झाले ना!" सासूबाई.

मी पाकीट परत खणात टाकलं. या डोसमध्ये नॉरेथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनमध्ये बदलतो आणि ज्यांना आधी गाठ झालीय त्यांना पुन्हा गाठ होण्याचा धोका वाढतो. तीच गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. हे सगळं मी तिला समोर बसवून सांगितलं, सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दुसऱ्या दुकानातूनही घ्यायची नाही, हे दोनदा सांगितलं. पाय परत दुखला, सुजला, दम लागला तर सण असो की काही, सरळ मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठायचं.

सासूबाई गप्प झाल्या. मला वाटलं, पटलं. मग म्हणाल्या, "बरं, मोठीचं तरी द्या. तिला काही नाही."

"तिला पाठवा."

"ती पुरण वाटत बसली आहे."

"मग पुरण झाल्यावर येऊ द्या."

रागातच गेल्या. एक गिऱ्हाईक तुटलं, असं मी मालकांना सांगूनही टाकलं.

साडेआठच्या सुमारास शटर अर्धं ओढलेलं असताना मोठी आली. एकटीच. नखांत हळद, पदराला डाळीचा डाग. मी विचारायला सुरुवात केली, यकृताचा त्रास, मायग्रेन, गरोदर असण्याची शक्यता? तिनं सगळ्याला मान हलवून नाही म्हटलं. औषधाच्या दृष्टीनं काहीच आडकाठी दिसत नव्हती.

तरी ती पैसे काढेना. मागं वळून रस्त्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, मलाही चालत नाही असं सांगाल का? मागच्या वर्षी घेतल्या होत्या. पूर्ण वेळ उलटीसारखं झालं, आणि नंतर जी पाळी आली ती आठ दिवस. पूजा काय, सासूबाई करतात ना."

आता तिच्यासाठी खोटा आजार मी कुठून आणू? मग सकाळपासून तोंडात अडकलेलं ते वाक्य आठवलं.

"घरी सांगा, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणाली."

"खरंच देत नाही?"

"आजपासून," मी म्हटलं आणि शटर खाली ओढलं.