स्टीलची बादली

निकेल 140 पीपीबी (अब्जात 140 भाग). पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 20 ची मर्यादा आहे. क्रोमियमही चढलेलं. टाकळीला गोदावरीशी होणाऱ्या संगमाअलीकडचं, नासर्डी नदीच्या पाण्याचं सॅम्पल. (कागदोपत्री नंदिनी, पण नाशकात तिला नंदिनी म्हणतं कोण?) ही नदी सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळून येते, त्यामुळे ही जोडगोळी एकत्र दिसली की आधी प्लेटिंगचं, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणीच आठवतं.

मी हुरळले नाही. आपलं पाणी काळ्या पाषाणातलं, कॅल्शियम भरपूर. आयसीपी-एमएसमध्ये (वस्तुमानावरून धातू मोजणारं यंत्र) 60 वस्तुमानावर कॅल्शियम ऑक्साईड निकेलचं सोंग घेऊन बसतं. म्हणून असली सोंगं गाळणारा हेलियम मोड लावलाच होता, शिवाय निकेलच्याच दुसऱ्या वस्तुमानावर, 62 वरही मोजलं. आकडा हलेना. फील्ड ब्लँक (नदीवर सोबत नेलेलं शुद्ध पाणी) स्वच्छ, स्पाइकची, म्हणजे मुद्दाम घातलेल्या निकेलची रिकव्हरी 97 टक्के. बाटल्या तर मी स्वतः रात्रभर नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

मग फील्डवरच्या पोराला फोन केला. "मॅडम, आपली प्लॅस्टिकची बादली वाहून गेली. टपरीवाल्याची स्टीलची घेतली."

नेहमीच्या 18/8 स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल! आणि ब्लँक आपण बाटलीतून बाटलीत ओततो, त्याला बादली दिसतच नाही. लॉगशीटवर याचं अक्षरही नव्हतं. पोराला तरी काय बोलणार? एकाच दिवशी सहा ठिकाणं, एक मोटरसायकल, सुटी बादली द्यायची कुणाला सुचलं नाही.

साहेबांनी दोन मिनिटांत सॅम्पल रद्द केलं. नियमाने बरोबरच. पण रद्द करताना त्यांना हायसं वाटलं, ते मला आवडलं नाही.

संध्याकाळी टपरीवर जाऊन मी तीच बादली मागून आणली. शुद्ध पाणी भरून अर्धा तास ठेवलं: निकेल 2 पीपीबीसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "आणि सॅम्पल टिकवायचं ॲसिड बाटलीऐवजी बादलीतच टाकलं असेल तर?" तेही करून पाहिलं. आकडा वाढला, पण 140 च्या आसपासही गेला नाही. "त्या दिवशी किती ॲसिड, किती वेळ, तुला माहीत आहे?" नव्हतं.

आठवड्याने त्याच जागेवरून, प्लॅस्टिकच्या बादलीने पुन्हा पाणी आणलं. निकेल 6. त्या दिवशीचं पाणी तोवर गोदावरीतून कुठच्या कुठे गेलेलं.

ॲसिडचं मी पोराला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "बाटलीतच." काल पुन्हा विचारलं. म्हणाला, "बहुतेक बाटलीतच, मॅडम."